तक्रार खरी, निदान खोटे

यंत्राच्या अंतरंगाचे कसलेही ज्ञान नसताना त्या यंत्राविषयी ठाम मत बाळगण्याचा हक्क सामान्य माणसाने मोबाइल आणि इंटरनेट यांच्या बाबतीत जितक्या निःसंकोचपणे बजावला आहे, तितका तो विजेच्या, रेडिओच्या किंवा आगगाडीच्या बाबतीत त्याच्या वाडवडिलांनी क्वचितच बजावला असेल. लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडवरच्या बाकावर, सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींत, कोठेही घटकाभर कान देऊन उभे राहावे. ‘नवा फोन बाजारात आला की कंपनी जुना मुद्दाम हँग करते’, ‘पैसे शंभरच्या स्पीडचे घेतात आणि देतात दहाचा’, ‘घरात आपण काय बोलतो ते फोन ऐकतो’, ‘टॉवर आला तेव्हापासून डोके दुखते’, अशी विधाने इतक्या निश्चयाने केलेली ऐकू येतात की प्रतिवाद करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. जाणकार मंडळी या मतांना हसतात. मला मात्र हे हसणे उथळ वाटते. या मतांपैकी एकेक घेऊन त्याची शहानिशा करू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते: माणसाची तक्रार बहुधा खरी असते, त्या तक्रारीचे त्याने केलेले निदान मात्र बहुधा चुकलेले असते, आणि निदान चुकल्यामुळे त्याचा अर्ज भलत्याच दप्तरी जाऊन पडतो, किंवा कोठेच जात नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांना दिल्लीस फोन केला आणि या देशात मोबाइलचा व्यवहार रीतसर सुरू झाला. त्या काळात फोन करणाराही पैसे मोजी आणि घेणाराही मोजी. त्यामुळे खिशातली घंटी वाजली की आनंदाच्या आधी हिशेबच मनात उभा राही. मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला, आणि ‘पोहोचलो की मिस कॉल देतो’ या वाक्याला घरोघर मान्यता मिळाली. एक छदामही खर्च न करता निरोप पोहोचवण्याची ही युक्ती कोणत्याही कंपनीने शिकवली नव्हती. ती लोकांनी स्वतःच्या अकलेने काढली, आणि दरपत्रकाची फट ज्यांना इतक्या चटकन सापडते त्यांना व्यवहार कळत नाही असे म्हणणे धार्ष्ट्याचे ठरेल. पुढे २००९ मध्ये टाटा डोकोमो या कंपनीने सेकंदाला एक पैसा असा दर जाहीर केला, तेव्हा इतर कंपन्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. कारण एकसष्ट सेकंद बोललो तर दोन मिनिटांचे पैसे का, हा प्रश्न गिऱ्हाईक कितीतरी दिवसांपासून विचारीत होते, आणि त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते.

पैशाचा प्रश्न आला की लोकांचे निदानही सहसा चुकत नाही, याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा महिना. आपल्याकडे पगार, घरभाडे, दूधवाल्याचे बिल, सोसायटीचा देखभाल खर्च, मुलांच्या शिकवणीची फी हे सारे दरमहाच्या शिरस्त्याने चालते. रिचार्जची मुदत तेवढी अठ्ठावीस दिवसांची ठेवण्यात आली. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज मात्र तेरा, हा हिशेब कोणा अर्थशास्त्रज्ञाने नव्हे, तर महिन्याच्या खर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणींनी आणि दर महिन्याला पॅक दोन-तीन दिवस आधी संपतो हे पाहून त्रासलेल्या विद्यार्थ्यांनी मांडला. मुदत आम्ही स्पष्ट छापली होती, असा कंपन्यांचा बचाव होऊ शकतो, आणि कायद्याच्या काट्यावर तो टिकेलही. परंतु जी गोष्ट छापलेली आहे ती न्याय्यच आहे असे मानण्याइतका आपला समाज अद्याप कागदाधीन झालेला नाही. या बोभाट्याचा परिणाम असा झाला की २७ जानेवारी २०२२ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला सारे जण ‘ट्राय’ म्हणून ओळखतात त्या संस्थेने, हुकूम काढून प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा निदान एक पॅक, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा भरता येईल असा निदान एक पॅक, ठेवण्यास भाग पाडले. असे पॅक दरपत्रकात असतात. त्यांची जाहिरात कोणी करीत नाही, त्यामुळे ते मागून घ्यावे लागतात, एवढेच.

याच जातीची दुसरी तक्रार वृद्धांची होती. ज्या आजोबांना गावाकडच्या मुलीशी दोन शब्द बोलायचे असतात आणि बँकेचा ओटीपी यायला हवा असतो, त्यांनी रोजच्या दीड-दोन जीबी नेटचे पैसे का भरावेत? या प्रश्नाला उत्तर मिळायला डिसेंबर २०२४ उजाडावा लागला. त्या महिन्यात ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरते वेगळे पॅक ठेवण्याची सक्ती केली, आणि अशा विशेष पॅकची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून तीनशे पासष्ट दिवसांपर्यंत वाढवली. ज्याच्या घरी साधा, बटणांचा फोन वापरणारी वडीलधारी माणसे आहेत आणि जो अजूनही त्यांच्या फोनवर सवयीने नेटचाच पॅक भरत आहे, त्याने एकदा दुकानदारास विचारून पाहावे.

आता वेगाकडे वळू. येथे तक्रार खरी असली तरी निदानाची वाट कशी चुकते, हे फार चांगले दिसते. घरी ‘शंभरचे’ कनेक्शन घेतलेला गृहस्थ एखादी मोठी फाइल उतरवू लागतो, पडद्यावर बारा असा आकडा पाहतो, आणि आपण आठपट फसवले गेलो असा ग्रह करून घेतो. वस्तुतः कंपनी वेग ‘बिट’ या एककात सांगते आणि संगणक उतरलेली फाइल ‘बाइट’ या एककात मोजतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून शंभर मेगाबिटांच्या कनेक्शनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले तर ते पुरेपूर माप होय. भाव आण्यांत सांगावा आणि माल रुपयांत मोजून द्यावा, अशातला हा प्रकार. यात अप्रामाणिकपणा नसेल, पण समजावून सांगण्याची तसदी कोणी घेत नाही, हेही तितकेच खरे.

यापुढे खरी मौज आहे. ज्या घरात वेग खरोखरच कमी मिळतो, त्यांपैकी पुष्कळ घरांत दोष रस्त्यावरच्या तारेचा नसून दिवाणखान्यातल्या कपाटाचा असतो. राउटर दिसायला कुरूप म्हणून तो टीव्हीच्या मागे, पितळी भांड्यांच्या शेजारी किंवा लाकडी कपाटाच्या पोटात दडवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्याच्या लहरींना मग धातू, काच आणि सिमेंट-लोखंडाच्या दोन भिंती ओलांडून शेवटच्या खोलीत पोहोचावे लागते. त्यातही २.४ गिगाहर्ट्झची लहर दूरवर जाते पण तिच्यावर शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या राउटरांची आणि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंत आडवी आली की तिचा जोर ओसरतो. इमारतीत प्रत्येक दाराआड एक राउटर असताना रात्री नऊ वाजता ‘नेट स्लो आहे’ असे सारे जण एकाच वेळी म्हणतात, त्यात नवल ते काय! राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवला, तर कंपनीला फोन न करताही पुष्कळ घरांतले दुखणे हटते.

याचा अर्थ कंपन्या निर्दोष आहेत असा कोणी घेऊ नये. ‘अमर्यादित’ म्हणून विकलेल्या पॅकला ठराविक वापरानंतर वेगाची कात्री लावण्याचा शिरस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि ती मर्यादा बारीक अक्षरांत कोठे तरी नोंदलेली असते. सरकारी कागदोपत्री तर ‘ब्रॉडबँड’ या शब्दाची किमान पातळी २०१४ मध्ये सेकंदाला अवघे ५१२ किलोबिट इतकी होती, ती २ मेगाबिट व्हायला २०२३ साल यावे लागले. म्हणजे दोन मेगाबिट मिळाले तरी नियमाच्या भाषेत आपण ब्रॉडबँडचे सुखी गिऱ्हाईक ठरतो! आपल्याला मिळणारा वेग खरोखर किती, हे राउटरला तारेने संगणक जोडून मोजावे. वायफायवर मोजलेला आकडा कंपनीच्या माथी मारता येत नाही, आणि कंपनीचे लोकही तेवढ्या एका मुद्द्यावर आपली बोळवण करतात.

टॉवरविषयीच्या मताइतके आत्मविसंगत मत मात्र दुसरे आढळणार नाही. सोसायटीच्या सभेत गच्चीवर टॉवर नको असा ठराव एकमताने संमत होतो, आणि त्याच सभेत पुढल्या विषयावर बोलताना ‘आमच्या जिन्यात रेंज येत नाही’ अशी तक्रारही तितक्याच एकमताने होते. येथे भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या डोक्यावर अदृश्य लहरी सोडणारे यंत्र कोणी परक्याने भाड्याने आणून बसवावे आणि आपण निमूट राहावे, ही अपेक्षाच मुळी अस्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगाची शक्यता असू शकते’ अशा वर्गात घातले, तेव्हा तर त्या भीतीला अधिकृत शिक्काच मिळाला. त्या वर्गाचा अर्थ पुरावा तोकडा आहे असा होतो, हे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कोठून मावणार? आपल्या सरकारने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश ठरवली, हीही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

या वादात हमखास निसटून जाणारा मुद्दा असा की, लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. म्हणून मस्तकापासून शंभर फुटांवरच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेला फोन अधिक विचारणीय ठरतो. शिवाय फोन आपला जोर टॉवरच्या अंतराप्रमाणे बदलीत असतो: टॉवर जवळ आणि रेंज भरपूर असली की तो हळू आवाजात बोलतो, आणि टॉवर दूर, रेंज एक काडी, अशी अवस्था झाली की तो शक्य तितक्या मोठ्याने ओरडू लागतो. म्हणजे टॉवर हाकलून लावणाऱ्या सोसायटीने ज्या लहरींच्या भयाने ठराव केला, त्याच लहरी प्रत्येक रहिवाशाच्या कानाशी वाढवून घेतल्या, आणि वर बॅटरी लवकर उतरते म्हणून फोनच्या कंपनीला शिव्या दिल्या. ज्याला काळजी वाटते त्याने दोन काड्यांच्या रेंजमध्ये लांबलचक गप्पा टाळाव्यात किंवा इअरफोन लावावा. या साध्या उपायाने जे साधते ते ठरावाने साधत नाही.

जुना फोन कंपनी मुद्दाम मंद करते, या समजुतीला तज्ज्ञ मंडळी वर्षानुवर्षे भाबडेपणा म्हणत आली, आणि २०१७ च्या डिसेंबरात त्यांचीच पंचाईत झाली. जॉन पूल या संगणकतज्ज्ञाने वेगमापनाचे आकडे प्रसिद्ध करून दाखवून दिले की, आयफोनच्या काही जुन्या नमुन्यांचा वेग विशिष्ट सॉफ्टवेअर आले की पायऱ्यापायऱ्यांनी घसरतो. आणि दोनच दिवसांत ॲपलने ही गोष्ट कबूल केली. कंपनीची कैफियत अशी होती की, बॅटरी झिजली की ती ऐन गरजेच्या क्षणी पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही आणि फोन एकाएकी बंद पडतो. तसे होऊ नये म्हणून फोनचा वेगच आम्ही आवरता घेतला. ही कैफियत शास्त्रदृष्ट्या खोटी नव्हती. परंतु हे गिऱ्हाइकाला सांगितले गेले नव्हते, आणि न सांगितल्यामुळे ज्याला नवी बॅटरी घालून भागले असते तो नवा फोन घेऊन मोकळा झाला. कंपनीला क्षमा मागावी लागली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणावा लागला, आणि फ्रान्सच्या ग्राहक खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड वसूल केला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीने अशाच आरोपाखाली ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड ठोठावला होता. पारावरच्या निरक्षर शंकेने तज्ज्ञांच्या साक्षर खात्रीवर मात केल्याचे असे प्रसंग इतिहासात फार नाहीत.

तथापि येथेही निदानात कसर राहिलीच. लोकांना वाटत होते की कंपनी फोन मारते. खरे पाहता मरत होती ती बॅटरी. लिथियमची बॅटरी काही शेकडा वेळा पूर्ण भरून पूर्ण रिकामी झाली की तिची साठवण कमी होत जाते, आणि उष्णतेने हे काम अधिक वेगाने होते. वैशाखातल्या उन्हात गाडीच्या काचेमागे नकाशा दाखवीत चार्जिंगला लावलेला फोन एका प्रवासात जितका झिजतो तितका तो महिनाभर घरात झिजत नसेल. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. तो आज पाळणारा माणूस नकळत उलटेच करतो. तीच गोष्ट बोटाने सारी ॲप्स वारंवार पुसून टाकण्याच्या सवयीची. ॲप पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडण्यास अनेकदा अधिकच बॅटरी लागते, हे अँड्रॉइड आणि ॲपल या दोन्ही गोटांतल्या जबाबदार अधिकाऱ्यांनी सांगून झाले आहे. तरीही ही सफाई थांबत नाही. हातून काही तरी केल्याचे समाधान मिळते, आणि समाधानाची मोजदाद कोणत्याही यंत्रात होत नाही.

‘फोन आपले बोलणे ऐकतो’ या मताचा प्रत्यय तर बहुतेकांना आलेला असतो. जेवताना कोणी गुडघेदुखीच्या तेलाचा विषय काढतो आणि रात्री पडद्यावर त्याच तेलाची जाहिरात उभी राहते. मग ऐकले नाही तर कळले कसे? अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. आवाज चोरून पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मिळाले ते वेगळेच, आणि कमी गंभीर नव्हे: काही ॲप्स आपल्या पडद्यावर काय चालले आहे त्याचे चित्रण परक्यांकडे पाठवीत होती. आवाजाच्या सहायकांचे प्रकरण निराळे आहे. ‘सिरी’ चुकून जागी होऊन टिपलेली संभाषणे कंत्राटी माणसे ऐकतात, असे लंडनच्या ‘गार्डियन’ने २०१९ मध्ये उघड केले, आणि सिरीवरून चाललेल्या दाव्यात जानेवारी २०२५ मध्ये ॲपलने दोष मान्य न करता साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

तेलाच्या जाहिरातीला मात्र चोरून ऐकण्याची गरज नसते. ज्याने जेवताना विषय काढला त्याने दुपारी स्वतःच्या फोनवर ते तेल शोधलेले असते. त्याचा आणि तुमचा फोन एकाच वायफायवर, एकाच ठिकाणी, एकमेकांच्या नंबरयादीत असतो. आणि जाहिरातदाराच्या खतावणीत तुमचे वय, गाव, खरेदी आणि येण्याजाण्याचे रस्ते आधीच मांडलेले असतात. चोवीस तास माइक उघडा ठेवून साऱ्या देशाची बडबड साठवणे आणि चाळणे हे खर्चाचे, बॅटरी खाणारे आणि पकडले जाण्याजोगे काम आहे. आपण परवानगीच्या चौकटीत आपल्या हाताने टिचकी मारून जे देऊन टाकतो ते स्वस्त, स्वच्छ आणि कायदेशीर असते. माझ्या मते फोन ऐकतो अशी भीती बाळगणे हे एक प्रकारे आपल्यावरच्या जबाबदारीतून सुटणे आहे. टॉर्चच्या ॲपने नंबरयादी मागितली तेव्हा आपण ‘अलाउ’ म्हटले होते. सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला माइक, ठिकाण आणि नंबरयादी यांची मुखत्यारी दिली आहे ते पाहावे, आणि जिथे कारण दिसत नाही तिथे ती काढून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. नोकियाने २०१२ मध्येच एकेचाळीस मेगापिक्सेलांचा फोन काढला होता, आणि ॲपलने मात्र पुढे कित्येक वर्षे बारा मेगापिक्सेलांवर चांगली छायाचित्रे काढून दाखवली. एकशे आठ मेगापिक्सेलांचा फोनसुद्धा सहसा नऊ-नऊ ठिपके एकत्र करून बाराचेच चित्र देतो. फोटो चांगला यावयाचा तर संवेदकाचा आकार, भिंग आणि उजेड पाहावा; खोक्यावरचा आकडा पाहू नये.

पैशाच्या व्यवहाराकडे परत येतो, कारण येथे चुकीच्या निदानाची किंमत रोकड असते. राष्ट्रीय भुगतान निगमाने मुंबईतून २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआयने भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत जो विश्वास कमावला आहे तो अन्य कोणत्याही सरकारी-निमसरकारी योजनेच्या वाट्याला क्वचित आला असेल. तरीही खात्यातून पैसे कापले जातात आणि समोरच्याला पोहोचत नाहीत, हा अनुभव अधूनमधून येतोच. दुकानदार म्हणतो ‘सर्व्हर डाउन आहे’, बँकेतला बाबू म्हणतो ‘ॲपवाल्यांना विचारा’, आणि ॲप म्हणते बँकेला विचारा. सर्व्हर डाउन असणे ही आपल्याकडे आता दैवी आपत्ती मानली जाते, जिच्यावर दाद मागता येत नाही. पण रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे दाद मागता येते, आणि तीही हिशेबाने. एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेल्या पैशांची खातरजमा झाली नाही तर पाच दिवसांच्या आत, ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे बँकेने शंभर रुपये भरपाई द्यावयाची आहे. हा नियम ठाऊक असलेला खातेदार बँकेच्या खिडकीशी निराळ्या स्वरात बोलतो. आणि एक गोष्ट जाता जाता: पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. पिन मागणारा तुम्हाला पैसे देत नसून तुमच्याकडून घेत असतो, मग तो फोनवर स्वतःला कोणीही म्हणवून घेवो.

तक्रार आणि निदान दोन्ही बरोबर आली म्हणजे काय होते, हे या देशाने एकदा पाहिले आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटवरच्या सेवांचे नियमन कसे करावे याविषयी लोकांची मते मागवली. दस्तऐवज लांब, रुक्ष आणि इंग्रजी होता. सहसा अशा कागदांना कंपन्यांच्या वकिलांखेरीज कोणी उत्तर देत नाही. काही तरुण स्वयंसेवकांनी त्यातला प्रश्न साध्या भाषेत उलगडून सांगितला: काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैशांनी, अशी विभागणी करण्याचा अधिकार मोबाइल कंपनीच्या हाती जावा काय? बघता बघता दहा लाखांहून अधिक पत्रे ट्रायकडे गेली. (ट्रायने ही पत्रे पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट उघड्यावर टाकली, हा त्यातला विनोद त्या वेळी कोणालाही आवडला नाही.) फेसबुकने पुढे ‘फ्री बेसिक्स’ या नावाने मोजकी संकेतस्थळे फुकट देण्याची योजना मोठमोठ्या जाहिरातींनी पुढे रेटली, गरिबाला फुकट मिळते तर तुमच्या पोटात का दुखते, असा तिचा सूर होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने विषम दरांना बंदी घातली आणि फेसबुकला ती योजना भारतातून गुंडाळावी लागली. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणणारे लोक मला त्या वर्षी प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने दिसले.

तेव्हा तक्रार करणाऱ्यांस हसू नये; त्यांना योग्य दार दाखवावे. मोबाइल कंपनीच्या बाबतीत ते दार ट्रायचे नव्हे, कारण ट्राय एकेकट्या गिऱ्हाइकाच्या फिर्यादी ऐकत नाही. ती कंपन्यांसाठी नियम करते. २०१२ च्या नियमावलीप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे, तेथे मिळणारा तक्रार क्रमांक तारखेसह लिहून ठेवावा, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तोच क्रमांक देऊन विनाशुल्क अपील करावे. तेथेही निराशा झाली तर ग्राहक न्यायालय आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्धची फिर्याद ग्राहक न्यायालयांस ऐकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला आहे. जुना फोन दुरुस्त करून घ्यावयाचा तर केंद्रीय ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ पासून ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ चालवले असून त्यावर अनेक कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते. कोणत्याही मालाविषयी किंवा सेवेविषयी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे, आणि खात्यातून पैसे फसवून नेले गेले असल्यास एक तासही न दवडता १९३० हा क्रमांक लावावा.